न दुखणारा चट्टा

फार वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या एका गावात सगुणा नावाची कासारीण राहत होती. समोरच्या बाईचा हात हातात घेऊन, बोटांची हाडं हलकेच दाबत ती बांगड्या भरायची. लहान मुलीसुद्धा तिच्यापुढे रडत नसत.

एकदा गावात डॉक्टरीणबाई आल्या आणि तिथेच दवाखाना थाटून राहिल्या. बांगड्या भरून घेताना सगुणाच्या मनगटावरचा फिकट चट्टा त्यांनी पाहिला.

"डोळे मिटा. कापूस लागला की सांगा," त्या म्हणाल्या.

कापूस चट्ट्यावरून फिरला. सगुणा गप्पच.

"बाई, हा कुष्ठरोग आहे. याचे जंतू नसांच्या पेशींत शिरून घर करतात. दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो, आणि आत नस मरत जाते. आजपासून गोळ्या घेतल्यात तर हात वाचतील."

सगुणा घाबरली. "गावाला कळलं तर माझ्या हातून बांगड्या कोण भरेल?"

"मी कुणाला सांगणार नाही."

"तुमच्या दारात आलेली बाई गावाला दिसतेच की," असं म्हणून ती गोळ्या न घेताच उठली. त्या दिवसापासून ती लांब बाह्यांची चोळी घालू लागली.

वर्षं गेली. लेकीचं, मैनाचं लग्न ठरलं. चुडा भरायला आईच बसली. भरता भरता एक बांगडी फुटली. काच मैनाच्या हातात रुतली, तरी सगुणा दाबतच राहिली.

"आई, थांब गं!"

सगुणाने खाली पाहिलं. लेकीच्या हातातून रक्त येत होतं. तिच्या स्वतःच्या बोटातही काच घुसली होती.

"आई, तुला कळलं नाही?"

तेव्हा सगुणाने रडत रडत सगळं सांगितलं. मैनाच तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"जंतू मरतील," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण मेलेल्या नसा मला परत आणता येणार नाहीत."

गावाला कळलं. शेजारीण धावत आली. "अगं, तेव्हाच बोलली असतीस, तर मी आले असते तुझ्यासोबत!"



पुढे मैनाला मुलगी झाली. सगुणाने नातीचा इवलासा तळवा बोटांत धरला. ऊबदार की गार, काहीच कळेना. मग तिने तो आपल्या गालाला लावला; गालाला मात्र त्याची ऊब कळली.

तात्पर्य एवढंच: लपवल्याने आजार थांबत नाही, आणि भीतीपायी गेलेला वेळ कुठल्याच औषधाने परत येत नाही.