पहिली डिस्क

"पण ह्यात माझं काय चुकलं, मास्तर? ते तरी सांगा."

दस्तगीर मास्तरांनी वेदांगकडे न बघता मशीनमधली एक डिस्क उपसून टेबलावर ठेवली.

कॅन्सरच्या दवाखान्याच्या तळघरात ही मशीनखोली. कपाटभर सर्व्हर, सगळे एकमेकांना जोडून एकाच कामाला जुंपलेले. कोणाला किरणांचा किती शेक द्यायचा, कुठून द्यायचा, कुठली जागा वाचवायची, हा हिशेब ते करायचे. वरची आजारी माणसं त्या हिशेबावर जगायची. किंवा नाही जगायची.

खोली मास्तरांनी उभी केलेली. वेदांग त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला. पोरगं हुशार. हुशारीचा माज त्याहून मोठा.

मास्तरांची एक रीत होती. मशीनवर नवी सिस्टीम चढवायची तर आधी आतल्या बाकीच्या डिस्क हातानं उपसून टेबलावर ठेवायच्या. जिच्यावर सिस्टीम बसणार ती एकटी आत. मगच बटण दाबायचं.

वेदांग हसला होता. "म्हातारी लोणच्याच्या बरण्या हलवते तसं चाललंय तुमचं, मास्तर."

मग मास्तर गावाला गेले आणि ह्यानं एकच हुकूम लिहून सगळ्या मशीनना एकदम सोडला. पहिली डिस्क पुसा, सिस्टीम चढवा.

सगळी मशीन बंद होऊन पुन्हा उठली. एकानं मात्र उठताना डिस्क उलट्या मोजल्या. आजाऱ्यांच्या शेकाचे आराखडे जिच्यात, ती पहिली आली. पुसली गेली. तिच्या जोडीला दुसरी डिस्क होती, एकीवर जे होईल ते दुसरीवर आपोआप होणारी. तीही पुसली गेली. आपोआप.

वेगळी नक्कल काढून बाहेर ठेव, असं मास्तर सांगून गेले होते. जोडी आहे की, म्हणून ह्यानं काढली नव्हती.

"एवढ्यातलं एक मशीन गेलं," वेदांग म्हणाला. "बाकी सगळी नीट चालतायत. डॉक्टरांना सांगा ना, डिस्क जळाली म्हणून. जळतातच की डिस्क."

मास्तरांनी चष्मा काढला.

"वर जा. बाकावरचा पहिला माणूस घेऊन ये."

"कोण?"

"पहिला."

वेदांग गेला. आला तो एकटाच.

"कुठल्या बाजूनं पहिला, मास्तर? एकजण चहाला उठला, दुसरा त्याच्या जागी सरकला. एक बाई तर आडवीच झालीय. नाव सांगा ना."

"नाव कशाला? मशीनला डिस्कचं नाव दिलं होतंस का?"

वेदांग फरशीवरच बसला.

पंखे घोंघावत होते.

"कोणाचं गेलं, मास्तर?"

हे त्यानं आत्ता विचारलं. सकाळपासून पहिल्यांदा.

"त्या डिस्कवरच्या बाकीच्यांचा शेक संपला होता, नाहीतर सुरू व्हायचा होता. मध्ये लटकलेली एकटी कौतिकबाई. गळ्याची गाठ. निम्मा शेक झालाय."

"मग… नवा आराखडा?"

"नवा फोटो, नवं माप, नवा हिशेब. तोवर शेक बंद. गाठ काही बंद राहत नाही, असं डॉक्टर म्हणाले. जा, बघून ये तिला."

आडवी झालेली तीच होती. सून पदरानं वारा घालत होती. गळ्याची कातडी भाजल्यासारखी काळी पडलेली, तिच्यावर शेकाच्या खुणेच्या जांभळ्या रेघा.

वेदांगला बघून ती कोपरावर उठली. आवाज फाटलेला.

"आज नंबर लागीन का रे भाऊ?"

त्याची नजर तिच्या रेघांवर गेली.

"डॉक्टर म्हणे रेघा पुसू देऊ नका. बघ, एक नाही पुसू दिली. गर्मीनं जीव जातो, पण गळ्याले पाणी नाही लागू दिलं."

"रात्री झोपेतही हात धरून ठेवते मी त्यांचा," सून म्हणाली. "खाजवतील म्हणून."

वेदांग जिना उतरून आला.

"माझ्याच्यानं नाही होत, मास्तर. तुम्ही सांगा तिला. काहीही सांगा."

मास्तर उठले. सिस्टरकडून मागून आणलेली खोबरेल तेलाची वाटी आणि कापूस त्यांनी त्याच्या हातावर ठेवला.

"हे काय?"

"जुन्या रेघा आता कामाच्या नाहीत. नव्या काढायच्या तर ह्या काढाव्या लागतील. डॉक्टरांना मी विचारलंय. घासायचं नाही, कातडी सुटून येईल."

"मी पुसू?"

"मग कोण?"

"ती विचारेल ना, का पुसतोस म्हणून."

"विचारेल."

"खरं सांगू?"

मास्तरांनी दार उघडून धरलं.

वेदांग दोन पायऱ्या चढला. वाटी हिंदकळली, तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तो वळला. रडत होता आता, लाज सोडून.

"मास्तर… ती मला माफ करेल का हो?"

"तिला गळा पाहिजे, वेदांग. तुला माफी. जा."