इरबा आणि न थांबणारी जोडी

एका गावात एक भोळा शिपाई होता. गाव पिंपळदरी, शिपायाचं नाव इरबा. बावीस गावांचं दूध तिथल्या दूध संघात यायचं. ते मोजायचं, थंड करायचं, टँकरमध्ये भरायचं, सगळं दोन सर्व्हरच्या हुकमाने चालायचं. त्या सर्व्हरच्या खोलीची राखण इरबाकडे.

संघाच्या इंजिनिअर वृंदाताईंनी पहिल्याच दिवशी त्याला समजावलं. काम क्षणभरही थांबता कामा नये, म्हणून ही जोडी. एक बसला, की दुसऱ्याने लगेच उभं राहायचं.

इरबाने ते पक्कं ध्यानात ठेवलं. दुपारी संघाची बैठक होती. अध्यक्ष खुर्चीत बसले. इरबाने लगेच उपाध्यक्षांना काखेत हात घालून उभं केलं. उपाध्यक्ष दमून बसले, तर त्याने अध्यक्षांना उठवलं. तासभर दोघांची उठबस चालली. ठराव एकच झाला, इरबाला बाहेर काढा.

वृंदाताईंनी कपाळाला हात लावला. माणसांचं राहू द्या, म्हणाल्या. हे दोन सर्व्हर सारखे एकमेकांना विचारत असतात, आहेस ना? उत्तर आलं नाही, की विचारणारा त्याचं काम आपल्याकडे घेतो.

"असं होय," इरबा म्हणाला.

रविवारी त्याच्या चुलतभावाचं, दिनकरचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालली होती. दिनकर हातात हार घेऊन, मान खाली घालून गप्प उभा. इरबाने हळूच विचारलं, "दिनकर, आहेस ना?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मग इरबाने त्याच्या हातातला हार घेतला, त्याला पाटावरून बाजूला सारलं आणि स्वतः उभा राहिला. अंतरपाट खाली आला. लाजून खाली पाहणाऱ्या नवरीने माळ घातली ती इरबाच्या गळ्यात.

वऱ्हाडाने त्याला जेवायलाही थांबू दिलं नाही.

सोमवारी तो तोंड पाडून आला. इतक्या चांगल्या मनाने केलं, तरी मार पडलाच. वृंदाताईंना दया आली. त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत एक सर्व्हर बंद केला. दूध वाहतच राहिलं. तो चालू करून दुसरा बंद केला. तरी वाहतच राहिलं.

"पाहिलंत, इरबाभाऊ? हा बंद केला तर तो चालतो. तो बंद केला तर हा चालतो."

इरबाचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट कळलं होतं. दुसऱ्या दिवशी वृंदाताई तालुक्याला निघाल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, सर्व्हर तापू देऊ नका.

तासाभरात त्यांना फोन गेला. त्या धावत परत आल्या. दुधाच्या कॅनची रांग वेशीपर्यंत गेली होती. एक टँकर नासला होता. अध्यक्ष बाह्या सरसावून मापाने दूध मोजत होते. खोलीत दोन्ही सर्व्हर गार पडलेले, आणि शेजारी इरबा समाधानाने उभा. वृंदाताईंनी आधी दोन्ही चालू केले. दूध वाहू लागलं. मग त्यांनी दम खात विचारलं, दोन्ही का बंद केलेत?

"तापले होते, ताई," इरबा म्हणाला. "हा बंद केला तर तो चालतो, तो बंद केला तर हा चालतो. म्हटलं, दोन्ही बंद केले तर दोन्ही चालतील."