अर्धी काच

पायरघाटाच्या पायथ्याशी, जिथे रस्ता चढणीला लागतो, तिथे खडीच्या एका जुन्या ढिगावर घोंगडी टाकून महाराज बसत. खडीवाले महाराज हेच त्यांचे नाव झाले होते. तिथून जाताना उंबरवाडीच्या माणसांचे हात आपोआप जुळत.

त्या उंबरवाडीत सगुणा कुंभारीण राहत असे. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच लेक, हौसा. दर गुरुवारी सगुणा महाराजांपुढे मळलेल्या मातीचा गोळा ठेवी. फडक्यातून गाळलेली, लोण्यासारखी माती. मळताना प्रत्येक दाबाला एक नाम. महाराज तो गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवत. मार्तंड पेंटरला याचे फार हसू येई.

"लोक नारळ आणतात, पेढे आणतात. सगुणाबाई, तुम्ही देवाला चिखल खाऊ घालता होय?"

सगुणा गोळा सावरून पुढे जाई.

मार्गशीर्षात हौसेचे लग्न ठरले. मुलाचे गाव घाटापलीकडे, मुहूर्त सकाळी अकराचा. हैबती ड्रायव्हरने आपली जीप देऊ केली आणि लग्नासाठी तिला नवा रंग द्यायचे काम मार्तंडने अंगावर घेतले. फवारा मारण्याआधी काचेवर कागद चिकटव, असे हैबतीने सांगितले होते. मार्तंडला तो अपमान वाटला. कागद नवशिके लावतात, म्हणाला. वारा मात्र त्याचे ऐकणारा नव्हता. लग्नाच्या सकाळी बघतात तो समोरच्या काचेवर रंगाची बारीक पुरळ उठलेली! जीप उन्हाकडे वळवली की काच सगळी पांढरी, पलीकडचे काही दिसेना. रॉकेल झाले, साबण झाला. रंग काही सुटेना. पात्याने खरवडावा तर काचेला चरे पडतात. घाटात वळणावळणाला ऊन डोळ्यांवर येते, असल्या काचेने मी पोरीला नेणार नाही, असे हैबतीने सांगून टाकले. गावात दुसरी गाडी नव्हती.

डोळ्यांना पदर लावून सगुणा खडीपाशी आली. महाराजांनी सगळे ऐकून घेतले आणि उशाचा गोळा काढून तिच्या ओंजळीत ठेवला.

"रडतेस कशाला ग? तुझंच तुला देतो. पाणी सोडत राहा, जोर करू नकोस. नाव घे आणि फिरव."

"आता काच लिंपणार वाटतं," सगुणा गोळा घेऊन जीपपाशी येताच मार्तंड म्हणाला. "एक खडा निघू दे, काच गेलीच समजा."

खडा निघायचा कुठून? सगुणाने साबणाचे पाणी सोडले. हात गोल फिरू लागला, तशी ओठांवर ओवी आली:

मळिते मी माती बाई, खडा खडा वेचुनिया
नाव तुझे देवराया, आत ठेविते जपुनिया

मातीने रंगाचा कण न् कण उचलला. बोटांना लागणारी खरखर हळूहळू थांबली आणि हैबतीच्या बाजूची अर्धी काच झऱ्याच्या पाण्यासारखी झाली. चरा म्हणून नाही! सगुणा दुसऱ्या बाजूला वळली, तसा मार्तंड आडवा आला.

"तिकडे मी बसणार आहे. माझ्या बाजूला चिखल नको."

वेळही थोडा होता. तशीच मंडळी निघाली.

सातव्या वळणाला सूर्य समोर आला आणि हैबतीने कचकन ब्रेक दाबला.

"महाराज उभे आहेत."

"कुठे?"

"हे काय, समोर. हात आडवा धरलाय."

मार्तंडसमोर नुसता पांढरा उजेड होता. उतरून बघतात तर रस्त्यावर कोणी नाही, आणि वळणापलीकडे दहा पावलांवर दरड कोसळून निम्मा रस्ता दरीत गेलेला. सगुणाने तिथल्या मातीला हात लावून कपाळी लावला. मग सगळ्यांनी मिळून दगड हटवले, डोंगराच्या कडेने जीप काढली, आणि हौसेवर अक्षता वेळेवर पडल्या.

परतताना मार्तंडने जीप खडीपाशी थांबवायला लावली. महाराज सकाळपासून जागचे हलले नाहीत, असे तिथे बसलेली माणसे सांगत होती.

"काय मार्तंडा, दिसलो का?" महाराज म्हणाले.

"नाही महाराज." मार्तंडचा आवाज खाली गेला. "माझ्या बाजूनं नाही दिसलात."

महाराज हसले. मार्तंडने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. मग तो सगुणाबाईंपुढे वाकला आणि मातीसाठी त्याने ओंजळ पुढे केली. राहिलेली अर्धी काच त्याने स्वतःच्या हातांनी धुतली, जोर न करता, नाव घेत.