उमेदवार चितळ आणि वानराची हाक

साग आणि मोहाच्या एका दाट जंगलात एक देखणा चितळ राहत असे. बालमित्रांनो, शिंगे त्याची डौलदार आणि चालही ऐटबाज. पण मनात एकच ध्यास घेऊन तो रात्रंदिवस झुरत असे. त्या जंगलाची एक वनसंसद होती. प्रत्येक खोऱ्यातून एक प्राणी तिथे निवडून जाई, आणि पाणवठ्यावर कोणी कधी यायचे, कुरण कोणाचे, हे सगळे तिथेच ठरे. चरणाऱ्यांच्या पक्षाने या खोऱ्यातून आपल्यालाच उभे करावे, एवढेच चितळाला हवे होते.

अडचण होती ती वानराची, आणि वानर तर त्याचा जिवलग मित्र. पाला खाणारा म्हणून तोही त्याच पक्षाचा. झाडाच्या शेंड्यावरून तो चौफेर नजर ठेवी, वाघाची चाहूल लागताच 'खक्, खक्' अशी हाक देई, आणि खाली चरणारा कळप धूम ठोकी. त्यामुळे कळपातल्या बऱ्याच जणांना वाटू लागले, की वनसंसदेत जावे तर वानरानेच. वानराने स्वतः याबद्दल ब्रही काढला नव्हता. तरी चितळाला त्याची धास्ती वाटू लागली होती.

पक्षाचा निरीक्षक म्हणून एक थोराड गवा खोऱ्यात आला. करवंदीच्या जाळीमागे बसून तो एकेकाला बोलावू लागला. वानर आधी जाऊन आला. मग चितळाची पाळी आली. त्याने स्वतःची जी काही थोरवी गायली, ती गव्याने डोळे मिटून ऐकली आणि मग विचारले, "समजा, तुला उमेदवारी दिली नाही. मग कोणाला द्यावी?"

वानराचे नाव चितळाच्या अगदी ओठांवर आले होते. खरे उत्तर तेच होते. पण तो बोलला भलतेच. वानराच्या निम्म्या हाका खोट्या असतात, कळपाला पळवून लावून खाली पडलेली मोहाची फुले तो एकटाच मटकावतो, असे त्याने ठोकून दिले. गवा म्हणाला, "हे कळपासमोर सांगशील? पाठीमागचं बोलणं पक्ष धरत नाही. उद्या बंडखोरी झाली तर निस्तरायचं कोणी?" आता कच खाल्ली तर हातातोंडाशी आलेला घास जाणार होता. चितळाने मान डोलावली.

आणि तेच सगळे त्याने कळपासमोर सांगितले. वर फांदीवर वानर बसलेला होता. तो शेपूट आवरून पलीकडच्या झाडावर गेला. एक लंगडी म्हातारी हरिणी तेवढी पुटपुटली, "तू म्हणतोस तर असेल बाबा. माझा जीव मात्र त्याच्या हाकेनंच वाचलाय." तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. वानराचा सख्खा मित्रच सांगतोय म्हटल्यावर शंका कोण घेणार? चितळाची उमेदवारी जाहीर झाली. त्याच्या गळ्यात पळसफुलांची माळ घालताना गवा सहज म्हणाला, "वानरालाही मी तेच विचारलं होतं. त्यानं तुझंच नाव घेतलं."

चितळाला मेल्याहून मेल्यासारखे झाले. खोटे बोलण्याची गरजच नव्हती! पण गळ्यात पडलेली माळ कोणाला उतरवावीशी वाटते? त्याने ती तशीच राहू दिली.

प्रचाराची पहिली सभा कुरणात भरली. चितळ खडकावर चढला, शेजारी गवा उभा राहिला, समोर सारा कळप जमला. भाषणाला रंग चढतो न चढतो तोच वरून हाक आली, 'खक्, खक्.' ज्याने आपल्याला चारचौघांत लबाड ठरवले, त्याच्यासाठीही वानर गप्प बसला नव्हता. सगळ्यांचे कान ताठ झाले, माना वळल्या. एरवी एव्हाना कुरण रिकामे झाले असते. पण आज कोणी हलले नाही. सगळे उमेदवाराच्या तोंडाकडे पाहत राहिले.

चितळाला ठाऊक होते, हाक खरी आहे. गवा हळूच म्हणाला, "उभा राहा. आता हललास तर पक्षाचं हसं होईल." गव्याला काय, त्याच्या वाटेला जाण्यापूर्वी वाघही दहादा विचार करतो. पुन्हा हाक आली, आधीपेक्षा कळवळून. कुरणाच्या कडेचे उंच गवत वारा नसताना हलले. चितळाच्या मनात आले, आपण एकट्याने उडी मारली तर आपण वाचू, पण कळप? तो आपल्या शब्दावर विसंबून मरणाच्या दारात उभा आहे. अखेर तो जिवाच्या आकांताने ओरडला, "पळा! वानर कधीच खोटं बोलला नाही. खोटं मी बोललो!"

कळप उधळला. वाघ गवतातून झेपावला तेव्हा बहुतेक जण ओढ्यापार झाले होते. लंगडी म्हातारी मात्र मागे राहिली, आणि वाघाने तिला उचलले.

संध्याकाळी गव्याने चितळाची माळ काढून घेतली. स्वतःच्या तोंडाने खोटा ठरलेला उमेदवार पक्षाला कसा चालणार? उमेदवारी एका सांबराला मिळाली. जाता जाता गवा चडफडत म्हणाला, "कबुली द्यायची काय गरज होती? सभा ओढ्यापलीकडे घेऊ, असं काहीतरी सांगून कळप हलवायचास. कळपही वाचला असता आणि उमेदवारीही."

चितळ खाली मान घालून म्हणाला, "असलंच काहीतरी सुचतंय का, ते बघत होतो. तेवढ्या वेळापायी म्हातारी गेली."

तात्पर्य : जागा मिळवण्यासाठी खऱ्याला खोटे ठरवू नये, ते निस्तरताना जागा तर जातेच, पण त्याचे मोल भलत्यालाच चुकवावे लागते.