तो चुकला असता तर

एकदा एका मल्लखांबपटूचं फार वाईट झालं, आणि कितीतरी दिवस ते कुणाला खरं वाटेना. मार्तंड त्याचं नाव. खांबावर तो असा वळायचा, की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. मग दारू लागली. आधी सराव सुटला, मग स्पर्धा. आणि शेवटी भर मैदानात, एवढ्या लोकांसमोर, सलामी देतानाच तो कोसळला.

ज्या व्यायामशाळेत तो घडला, तिथे एक मुलगी केवळ त्याच्याकडे पाहून मल्लखांबाकडे वळली होती. खांबाला उलटं लटकायचं, पायांचा विळखा, म्हणजे अढी, घट्ट धरायची आणि दोन्ही हात सोडून द्यायचे, ही मार्तंडाची करामत ती बसवत होती. पण हात सुटले की ती घसरायची. स्पर्धा तोंडावर आली होती आणि तिच्या मनात भलतंच चाललं होतं : अशा माणसाची करामत आपण करावी तरी कशाला? सोडूनच द्यावं सगळं.

एका संध्याकाळी मार्तंड स्वतःच दारात येऊन उभा राहिला. डोळे तांबारलेले, हात थरथरणारे. मुलगी दचकून खांबावरून उतरलीच.

"आलं आमचं भूषण!" एक मुलगा म्हणाला. "दादा, आज खांब दोन दिसतील. कुठल्यावर चढणार?"

हशा पिकला. वृद्ध गुरुजींनी नुसतं वर पाहिलं, आणि तो विरला.

"गुरुजी, एकदा वर जाऊ द्या," मार्तंड म्हणाला. "फक्त एकदा."

"नाही. खांबाला हात लावायचा नाही."

मार्तंड मान खाली घालून वळला. तोच गुरुजींनी त्याच्यासाठी सतरंजी अंथरली आणि चक्क हात जोडले. "बस. या पोरीची अढी बघ. मला चूक सापडत नाहीये."

कुणाला काही कळेना. याला हाकलायचं, की मान द्यायचा? मुलगी तर रडवेली झाली. पण गुरुजींचा शब्द मोडवेना. ती चढली, घसरली, खालच्या गादीवर आदळली.

"हात सोडायच्या आधीच घाबरतेस तू," मार्तंड हळूच म्हणाला. "म्हणून उजवा गुडघा सैल पडतो. आधी श्वास सोड. मग हात."

ती पुन्हा चढली. श्वास सोडला, हात सोडले, आणि टिकली.

ती खाली उतरेपर्यंत मार्तंड निघून गेला होता. तिला आनंद होईना. "गुरुजी, तो चुकला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "दारुडा म्हणून सोडून तरी देता आलं असतं. आता मी त्याला काय समजू? आणि तुम्ही तरी? हात जोडलेत, आणि वर जाऊ दिलं नाहीत!"

गुरुजी म्हणाले, "त्याची नजर शाबूत आहे, म्हणून विचारलं. हात शाबूत नाहीत, म्हणून अडवलं. चढू दिलं असतं तर मान मोडून घेतली असती त्याने, आणि त्या चढू देण्याला आपण प्रेम म्हटलं असतं. लोकांनी कौतुकापोटी त्याला पाजली. आज तेच हसतात. दोन्ही वेळा माणसाकडे बघायचं राहूनच गेलं."

"पण एवढी विद्या अंगात असून..."

"विद्या खांबावर सांभाळते, पोरी. खाली उतरल्यावर आपलं आपल्यालाच सांभाळावं लागतं."

मुलीने अगदी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे माझंही असं होऊ शकतं?"

छे, तुझं कसं होईल, असं गुरुजी म्हणतील, ही तिची खात्री होती.

"हो," गुरुजी म्हणाले.

इतके दिवस आपण ज्याला राग समजत होतो, ती आपलंही तसंच होईल ही भीती होती, हे तिला तेव्हा कळलं. मार्तंडाला काय समजावं, ते मात्र कळलं नाही. तरी पुन्हा खांबाला भिडण्याआधी तिने आपले दोन्ही हात उजेडात धरले, आणि ते स्थिर आहेत ना, हे पहिल्यांदाच नीट पाहून घेतलं.