कमळाच्या गालावरचं बोट

एका राज्यात फुलं वेचावीत गरिबांनी आणि रंगवून टांगावीत श्रीमंतांनी, अशी रीत होती. ज्याच्या भिंतीवर फुलं जास्त, त्याचं घराणं मोठं. राजा शूरकेतूने तर मांत्रिक चिताऱ्याकडून असं चित्र काढून घेतलं, की वसंतातला पळस आणि शरदातलं कमळ एकाच सुवर्णकलशात डोलू लागलं.

"यातलं फूल कधी कोमेजणार नाही, महाराज," चितारी म्हणाला.

पाहुणे आले, पाहून जळले. आणि पाळण्यातला बाळराजा मलूल पडला.

हेमांगी राणीचा जीव खालीवर झाला. पहिलटकरीण ती; चार शास्त्रं शिकली होती, पण त्यांत बाळाचं एकही नव्हतं. दूध कमी पडलं? झबलं काचलं? की आपल्याच काळजीने बाळ दमलं?

खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, चित्रातलं फूल कोमेजत नाही. मग त्याला लागलेली दृष्ट उतरते कुठे? घरातल्या सगळ्यांत कोवळ्या फुलावर."

राणी खिडकीशी धावली. "उपाय सांग."

"तीन आहेत. दोन वाया जातील."

"मग तिसराच सांग ना!"

"पहिले दोन फसल्याशिवाय तो सुचत नाही."

राणीने बाळावरून मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. एक मोहरी तडतडेल तर शपथ. दरबारातल्या चित्रावर शेला टाकला. शेल्यावरही तीच फुलं उमटली. बाळाचे ओठ पांढरे पडले.

तेवढ्यात राजा आला. "परराज्यांचे राजे दरबारात बसलेत. शेला काढा. समारंभाला गालबोट लागता कामा नये."

"काय म्हणालात?"

"गालबोट! लागता कामा नये!"

राणी थबकली. बाळाच्या गालाला तीट रोज लागत होती. एवढ्या देखण्या चित्राला कुणी लावलीच नव्हती!

काजळाची डबी घेऊन ती भर दरबारात धावली, शेला ओढून काढला, बोट बुडवलं आणि कमळाच्या गालावर टेकवलं.

"अहो, लाखमोलाचं चित्र ते!" राजा ओरडला.

"लेकाहून?"

कमळ कोमेजलं. एक पाकळी सिंहासनापाशी गळून पडली, मागोमाग पळस झडला. पाहुणे नाकं मुरडत उठले. आणि आतून बाळाने टाहो फोडला. भुकेचा, खणखणीत.

राजा पाळण्याकडे धावला. बाळाला छातीशी धरून म्हणाला, "लागलं गालबोट. बरं झालं."

तेव्हापासून त्या राज्यात काळ्या ठिपक्यावाचून चित्र टांगत नाहीत. राणी मात्र झोपलेल्या बाळाच्या नाकाशी अजून बोट धरून पाहते. त्यावर साळुंकीकडेही उपाय नाही. बोटभर काजळाची कथा, बोटावरच संपूर्ण.