रुंजीची फुंकर

या रे पोरांनो, बसा जवळ! डोंगराच्या कुशीत एक इवलीशी झोपडी होती. छपराला ही एवढाली भोकं! तिथं रुंजी राहायची, आईबरोबर. आई जवळच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायची. रुंजीशी खेळायला कुण्णी नव्हतं, फक्त रानातली एक बोटभर परी होती.

ही परी जांभळाच्या फांदीवर वाढलेल्या आमरीच्या, म्हणजे ऑर्किडच्या, गुलाबी तुऱ्यात राहायची. रानात तेवढी एकच आमरी उरलेली. वाऱ्यानं ती फांदी मोडली, आमरी सुकू लागली आणि परीचे चंदेरी पंख मळकट झाले. रुंजी आमरी घेऊन धावत प्रयोगशाळेतल्या वैजयंतीताईंकडे गेली.

ताईंनी कोवळ्या कोंबाचा तिळाएवढा तुकडा कापला, बाटलीतल्या जेलीसारख्या गोड खाऊवर ठेवला आणि झाकण घट्ट लावलं. हळूहळू आत हिरवीगार पिटुकली रोपं उगवली!

परी हसली. "यांना मुळं फुटली की तुला हवं ते देईन. एकदाच हं! आणि माझ्यासाठी काही मागायचं नाही. तोवर झाकण उघडू नकोस."

पण एकदा रुंजीला काचेवर आतून थेंब दिसले. "अगंबाई, रडतायत बिचारी! कोंडून घातलंय ना!" लागलं-खुपलं की आई काय करते? फुंकर घालते. वेड्या मायेनं रुंजीनं झाकण काढलं आणि हळूच फुंकर घातली.

झालं! फुंकरीबरोबर बुरशी आत शिरली. दोन-चार दिवसांत रोपांवर पांढरा कापूस चढला. परी फिकी फिकी पडली.

"ताई, मीच उघडलं," रुंजी हुंदके देत म्हणाली.

"अगं वेडे, एवढी एकच तर बाटली होती!" ताईंनी कपाळाला हात लावला.

त्या बाहेर गेल्यावर परी कुजबुजली, "मुळांची वाट आता कसली बघायची? आत्ताच माग. छान घर माग, मी थोडे दिवस तरी तुझ्याजवळ राहीन. रोपं मागितलीस तर माझा सगळा उजेड त्यांना द्यावा लागेल. मग मी नाही गं उरणार."

रुंजीनं परीला ओंजळीत घेतलं. सोडवेचना तिला.

"रोपं जगू देत," ती म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली.

लख्खकन सोनेरी-जांभळा उजेड पडला. कापूस विरून गेला. ओंजळ रिकामी झाली.

रोपं वाढली. ताईंनी ती रुंजीच्याच हातानं रानातल्या झाडांवर बांधून घेतली. काही वर्षांनी सगळं रान गुलाबी झालं. लोक म्हणाले, "पोरीच्या हाताला गुण आहे हो!"

रुंजी मात्र प्रत्येक तुऱ्यात डोकावत हिंडली. "आहेस का गं आत?"

कुणीच ओ दिली नाही.